सीमाभागातले पर्यावरणपूरक धंदे : तुमच्या गल्लीत, शिवारात काय टिकलं?

जून लागला की आपल्याकडे गावोगाव रोपं लावली जातात. ते व्हायलाच हवं. इथे मात्र मला ऐकायचंय ते रोजच्या धंद्यातलं आणि शेतीतलं. तुम्ही काय बदललंत, खर्च कुणी सोसला, गिऱ्हाइकांनी आणि शेजाऱ्यांनी साथ दिली का, आणि पहिला उत्साह ओसरल्यावर ते टिकलं कशामुळे? आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला पावसाची झड लागलेली असते आणि अथणीकडे माणसं ढगाकडे बघत बसलेली असतात. एका गावचा उपाय दुसऱ्या गावाला जसाच्या तसा चालत नाही, म्हणून तपशिलात लिहा. सुरुवात मी करते.

शहापूर, किराणा दुकान

कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी पातळ पिशवी मिळत राहिली आणि लोक मागत राहिले. ‘पिशवी नाही’ म्हटलं की माणूस शेजारच्या दुकानात जायचा, आणि त्यात त्याचाही दोष नाही, संध्याकाळी कामावरून परतताना कोण पिशवी घेऊन फिरतो? मग गल्लीतल्या बायकांच्या गटाकडून जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. वीस रुपये अनामत, पिशवी आणून दिली की वीस रुपये परत. खरा फरक पडला तो भाजीवाल्या मावशी आणि समोरचे बेकरीवाले तीच पिशवी परत घ्यायला तयार झाले तेव्हा. एका दुकानाने केलं तर त्याचं गिऱ्हाईक तुटतं, सगळ्या गल्लीने केलं तर कुणाचंच तुटत नाही.

एक सांगून ठेवते. रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या ज्या पिशव्या लग्नात आणि दुकानांत वाटतात, त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. एक धागा काढून पेटवून बघा. सुताची राख होते, हा धागा आकसून त्याची गोळी होते.

खानापूर, कुंभारकाम

नमस्कार ताई. आमचं घर पिढ्यान्पिढ्या मातीत आहे. खानापूरच्या मातीची कौलं आणि भांडी पूर्वी लांब लांब जायची. आता आमचा मुख्य आधार गणपती. शाडूच पर्यावरणाला चांगला असं लोक म्हणतात, पण शाडूची माती बहुतेक गुजरातेतून येते. आम्ही तळ्यातली माती उन्हाळ्यात काढतो, वाळवतो, कुटतो, चाळतो, भिजत घालतो. त्यानिमित्ताने तळ्यातला थोडा गाळही निघतो. आमच्याकडे मूर्ती वाळवणं हीच मोठी परीक्षा असते. मृगाचा पाऊस लागला की पुढे ऊन दिसत नाही, म्हणून मोठ्या मूर्ती पावसाआधी उभ्या कराव्या लागतात. घाईने चुलीजवळ ठेवली तर तडा जातो.

प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त, चकचकीत, तिच्याशी किमतीत आम्ही जिंकू शकत नाही. म्हणून वेगळं सुरू केलं. मूर्ती घेताना सांगायचं, घरीच बादलीत विसर्जन करा आणि माती सुकवून परत आणा, पुढच्या वर्षी मूर्तीत सूट. रंग आम्ही गेरू, हळद, पांढरी माती यांचेच लावतो, त्यामुळे ती माती पुन्हा मळता येते. बेळगावची काही घरं दर वर्षी डबा भरून माती आणून देतात. हे सगळ्यांना पटतं असं नाही. देव पुन्हा मळायचा हे काही आजीबाईंना रुचत नाही, त्यांना मी आग्रह करत नाही. त्या माती तुळशीत घालतात.

> शहापूर : प्लास्टरची मूर्ती घरात आधीच आणलेली असेल तर?
>
> खानापूर : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर उपाय काढला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे बेकरीच्या अमोनियाच्या, पाण्यात मूर्ती बुडवून ठेवायची आणि अधूनमधून ढवळायची. खाली चुनखडी राहते, वरचं पाणी खत म्हणून झाडांना चालतं. नदीत टाकण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

कागवाड तालुका, ऊस शेती

कृष्णाकाठच्या आमच्या भागात ऊसतोड झाली की संध्याकाळी फडाला काडी लावायची, ही रीतच होती. धूर तर असतोच, पण शेजाऱ्याचं ठिबक जळतं, बांधावरची झाडं होरपळतात, एखादं साळुंकीचं घरटंही जातं. आणि हेक्टरी आठ ते दहा टन पाचट (उसाचा वाळलेला पाला), म्हणजे आयतं खत, आपण आपल्या हाताने पेटवतो.

मी पाचट ठेवायचं ठरवलं तेव्हा वडिलांचे तीन प्रश्न होते. उंदीर-साप होतील, सरीतून पाणी पुढे जाणार नाही, आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडातून येणारं पुढचं पीक) नीट फुटणार नाही. तिन्ही प्रश्न खरे आहेत. फूट येण्यासाठी बुडख्यांवरचं (तोडीनंतर जमिनीत राहिलेल्या बुंध्यांवरचं) पाचट बाजूला सारून सरीत ओढावं लागतं आणि बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावे लागतात. हे न करता नुसतं पाचट पसरून ठेवलं तर खोडवा मार खातो. मग लोक म्हणतात, बघा, पाचटाने नुकसान झालं. पाचट कुजायला हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कंपोस्ट करणारं जिवाणू संवर्धक टाकायचं आणि ओल राखायची. पाणी पुढे जाण्यासाठी मी एक आड एक सरी मोकळी ठेवतो. उंदरांवर मात्र लक्ष ठेवावंच लागतं.

पाचटाखाली ओल टिकते, त्यामुळे दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं. आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे, कारण नदीकाठची किती तरी जमीन जास्त पाण्याने क्षारपड झाली. वर पांढरी पापडी धरलेली शिवारं मी लहानपणापासून बघतोय. ज्यांची जमीन गेली त्यांची दुसरी पिढी आज रोजंदारीला जाते. पाणी मिळतंय म्हणून देत राहायचं, हे थांबवायला हवं, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितोय.

आणि यात धंदा आहे. गावातल्या दोघा पोरांनी ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टीचं यंत्र घेतलं आणि एकरी भाड्याने फिरवतात. हाताने पाचट ओढायला माणूस मिळत नाही ही अडचण त्यांनी सोडवली. मी चार लोकांना समजावून सांगितलं त्यापेक्षा त्या यंत्राने जास्त काड्या विझवल्या.

निपाणी, गुऱ्हाळ

आमच्या चुलवाणात रस काढल्यानंतरचं वाळलेलं चिपाडच जळतं, बाहेरून लाकूड आणावं लागत नाही. चिपाड ओलं असेल तर जाळ धरत नाही, मग काही ठिकाणी भलतंसलतं टाकून जाळ वाढवतात. त्याचा धूर गावभर होतो आणि तो कुणाच्याच भल्याचा नाही. आम्ही चिपाड पसरून वाळवायला जागा वाढवली, जळव्याला, म्हणजे जाळ घालणाऱ्याला, सुकं चिपाड हाताशी मिळतं.

उकळत्या रसातली मळी काढायला आम्ही रानभेंडीचाच चिकट रस वापरतो, गुळाचा रंग उजळणारी हायड्रॉस ही रासायनिक पावडर नाही. त्यामुळे गूळ तांबूस-काळपट होतो. बाजारात पिवळ्या धमक ढेपेला भाव, आमच्या गुळाला सौद्यात कमी. म्हणून आता किलोचे रवे करून थेट घरी विकतो. एकदा चव लागली की लोक रंग विचारत नाहीत.

उद्यमबाग, बेळगाव

फौंड्रीतली, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातली, साच्याची जळकी वाळू पूर्वी रस्त्याकडेला, नाल्यात टाकली जायची. आता आम्ही ती चाळून, गाठी फोडून बरीचशी पुन्हा साच्यात घेतो. उरते ती बांधकामाचे ब्लॉक करणारा एक जण घेऊन जातो. नवी वाळू महाग झाली म्हणून हे सुरू झालं, हे मान्य करायला हरकत नाही. नाला स्वच्छ राहिला हे महत्त्वाचं.

टिळकवाडी

1924 च्या बेळगाव अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, खोदलेली काँग्रेस विहीर आमच्या भागात आजही आहे. तशा वाड्यांतल्या कितीतरी विहिरी होत्या. आमच्या इमारतीच्या आवारातली जुनी विहीर बुजवून तिथे गाड्या लावायचा बेत होता. एका आजोबांनी सभेत साधं गणित मांडलं : शंभर चौरस मीटर गच्ची, हजार मिलिमीटर पाऊस, एक लाख लिटर पाणी. आणि बेळगावला पाऊस त्याहून जास्तच पडतो. गाळ काढला, गच्चीचं पाणी खडी-वाळूच्या टाकीतून विहिरीत सोडलं. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर जाऊ द्यायला वेगळी चावी (तोटी) आहे, ती विसरायची नाही. हे पाणी आम्ही पीत नाही. झाडं, धुणं, संडास, एवढ्याला उन्हाळ्यात पुरून उरतं.

तुरमुरी

तुमच्या शहराचा कचरा आमच्या बाजूला येतो. पावसाळ्यात वारा फिरला की जेवताना खिडक्या लावून घ्याव्या लागतात. एवढीच विनंती आहे, भाजीची देठं, शिळं अन्न घरातच, कुंडीत, परसात जिरवा. ओला कचरा मिसळला नाही तर उरलेल्याला वास येत नाही आणि तो विकलाही जातो.

> शहापूर : दादा, हे मी आमच्या गल्लीच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

जांबोटी, मधपाळ

1991-92 च्या सुमारास दक्षिणेत थाई सॅकब्रूड नावाच्या रोगाने सातेरी (पेटीत पाळतात त्या देशी) मधमाश्यांच्या वसाहतीच्या वसाहती मेल्या. आमच्या घरच्या पेट्याही तेव्हा रिकाम्या झाल्या आणि वडिलांनी काम सोडलं. मी पुन्हा सुरू केलं. पेटीतला मध यंत्राने फिरवून काढला की पोळं शाबूत राहतं आणि माश्या तेच पुन्हा भरतात. पोळं पिळलं की त्यातली पिल्लं मरतात. पावसाळ्यात इथे फुलोरा नसतो, म्हणून मे महिन्यात सगळा मध काढायचा नाही, माश्यांचा वाटा ठेवायचा. रानातलं आग्या माशीचं पोळं काढणाऱ्या लोकांशीही बोलतोय. मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांचा ठेवायचा. काही जण ऐकतात, बाकीच्यांचं पोट त्यावरच आहे, त्यांना भाव जास्त मिळाला तरच ते ऐकतील. म्हणून त्यांनी असा काढलेला मध मी जास्त दराने विकत घेतो.

> अथणी : आमच्याकडे कोरडवाहू. सूर्यफूल, तूर आहे. पेट्या चालतील का?
>
> जांबोटी : फुलोऱ्याच्या काळात चालतील, पण फुलात असताना औषध फवारू नका. फवारावंच लागलं तर दिवस मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी मला कळवा, म्हणजे पेट्या हलवता येतील. पहिल्या हंगामात एक-दोनच ठेवून बघूया.