हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदलायचाय, आधी आणि नंतर व्यायाम काय?

कोयनाकाठ: आई ५२ वर्षांची. लहानपणच्या संधिवाताच्या तापामुळे मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झालाय, नाडीही अनियमित. दोन आठवड्यांनी छाती उघडून मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवणार. तोवर रोज चालवू का? घरी भारतीय संडास, पाणी हंड्याने भरतो.

फिजिओकट्टा: चालण्याचा जोर नको. ठोके वाढले की हृदयाचा डावा कप्पा भरायला वेळ पुरत नाही, रक्त फुफ्फुसांत तुंबतं. धाप न लागता घरात जेवढं होईल तेवढंच.

आता शिकवायचं ते तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं उपकरण. निम्मे लोक त्यात फुंकतात! हवा हळू आत ओढायची, चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवायचा. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये थांबत. सलग केलं की चक्कर येते. मग छातीशी उशी आवळून खोकायचं. दुखतं म्हणून खोकला दाबला की कफ साठतो आणि फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो.

उठताना कुशीवर वळून आधी पाय खाली सोडायचे. कुणी हात धरून ओढू नये. छातीचं हाड जुळायला ६ ते १२ आठवडे. तोवर कमोडची खुर्ची आणा, आणि ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेला हंडा सहज पंधरा किलो भरतो.

घरी आल्यावर ५ मिनिटं चालणं, दिवसातून ३-४ वेळा, झेपेल तसं एक-दोन मिनिटं वाढवत. अनियमित नाडीत घड्याळावरचा ठोक्यांचा आकडा फसवतो. बोलताना वाक्य तुटलं की थांबायचं.

कोयनाकाठ: हात अजिबात हलवायचे नाहीत का?

फिजिओकट्टा: छे, खांदे आखडतील. खांदे हळू फिरवू द्या. एका हाताने ओढणं-ढकलणं तेवढं टाळा. खोकताना छातीत ‘कट्’ वाजलं किंवा जखमेतून पाणी आलं, तर लगेच सर्जनकडे.

आयएनआरवाला: रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर, रोज ठरल्या वेळी. या व्हॉल्व्हला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा) साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. पालेभाजी बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. महिनाभर नाही आणि मग रोज मेथी, असं झालं की आकडा बिघडतो. दुखलं तर दुकानातून डायक्लोफेनॅक आणायचं नाही.

किडके दात ऑपरेशनआधीच दाखवा. संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर व्हॉल्व्ह बदलला म्हणून ते परस्पर थांबवू नका. घरी आल्यावर रोज सकाळी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करा.