बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालं, पण गावचं वाचनालय चालवता येतं का?

यवतमाळचा ग्रंथपाल
वर्गात पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाचे ड्युईचे क्रमांक घोकले, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या कोलन पद्धतीनं क्रमांक बांधले, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअरसुद्धा हाताळलं. मग गावच्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालच्या, वाचनालयात लागलो. पहिल्याच महिन्यात तपासणी! दाखल नोंदवही आणि कपाटातली पुस्तकं जुळेनात, खालच्या फळीला वाळवी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यावर परीक्षेत भलंमोठं उत्तर लिहिलं होतं मी. त्याच कायद्याखालच्या अनुदानाचा हिशेब मात्र मला शेजारच्या गावच्या काकांनी शिकवला, आणि त्यांची फक्त प्रमाणपत्र परीक्षा झालेली. निदान महिनाभर खेड्यातल्या वाचनालयात काम केल्याशिवाय पदवी देऊच नये.

ग्रंथालयशास्त्राची प्राध्यापिका
भाऊ, हिशेबाचा तक्ता आठ दिवसांत येतो. उद्या त्याचा नमुना बदलला की पुन्हा शिकावाच लागेल. वाचकाला नेमकं काय हवंय हे ओळखून त्याला त्या पुस्तकापर्यंत नेणं आठ दिवसांत येत नाही, त्याचा पाया वर्गातच घालावा लागतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा रंगनाथनांचा नियम १९३१ चा, पण तुमच्या टेबलाशी उभ्या शेतकऱ्यालाही तो लागू आहे.

यवतमाळचा ग्रंथपाल
मॅडम, त्याच शेतकऱ्याचं सांगतो. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा लोक विचारत आले. ड्युईत कापूस ६३३.५१ वर, हे मला तोंडपाठ. त्या फळीवर एकच जुनं पुस्तक होतं! अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची माहिती मिळवून भिंतीवर लावावी, हे सुचायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांचं अजून वाईट वाटतं.

गडचिरोलीची ग्रंथपाल
दादा, दुखणं खरं आहे, पण औषध पटत नाही. महिनाभर कामाचा दाखला ओळखीनं मिळतो, आमच्या तुकडीत तसाच मिळाला. दाखला नको, काम मोजा: दोनशे पुस्तकांची पडताळणी, फाटक्या पुस्तकांची बांधणी. माझ्याकडे येणारी मुलं घरी माडिया बोलतात. त्यांना मराठी गोष्ट कशी वाचून दाखवायची, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. ते मुलांनीच शिकवलं.

ग्रंथालयशास्त्राची प्राध्यापिका
ताई, पडताळणीचं मान्य. तेवढ्यासाठी वर्गीकरणाचे तास मात्र मी कमी करणार नाही.

यवतमाळचा ग्रंथपाल
करू नका. आमची पडताळणी दिवाळीनंतर आहे, दोन विद्यार्थी पाठवा. राहण्या-जेवणाचं आमच्या घरी बघतो.