वैशाखात पाईप ओढताना जीभ का भाजते, आणि या छंदात रमावे कसे?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका

सेवानिवृत्तीनंतर माझ्या पुतण्याने परदेशातून येताना ब्रायर लाकडाचा एक पाईप आणि व्हर्जिनिया तंबाखूचा एक डबा आणून दिला. आमच्या गावात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणारे पुष्कळ आहेत, बिडी ओढणारेही आहेत आणि देवळाच्या ओट्यावर चिलीम भरणारी म्हातारी मंडळीही आहे. परंतु पाईप कसा भरावा आणि कसा ओढावा हे सांगू शकेल असा माणूस पंचक्रोशीत सापडत नाही. अडचण अशी की, सध्याच्या उन्हाळ्यात डबा उघडल्यापासून काही दिवसांतच तंबाखू इतका कोरडा झाला की चिमटीत धरला तरी त्याचा भुगा होतो. पाईप वारंवार विझतो, आणि विझू नये म्हणून जोराने ओढला तर जीभ भाजते व पाईपची वाटी (तंबाखू भरायचा खोलगट भाग) हातात धरवत नाही. तंबाखूवर पाणी शिंपडावे असे एकाने सुचवले, पण आमच्याकडचे बोअरचे पाणी खारे आहे. तंबाखू ओला ठेवण्याचा योग्य उपाय कोणता, आणि मुळात या छंदातले रोजचे सुख कशात आहे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना वनपाल, धारणी

गुरुजी, तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी घाई आणि कोरडेपणा या दोनच गोष्टी आहेत.

आपल्याकडे धूम्रपानाचा जो नमुना लहानपणापासून डोळ्यांसमोर असतो तो चिलमीचा. चिलमीला ओली छापी (फडके) गुंडाळून, मुठीतून एकच मोठा दम थेट छातीपर्यंत ओढायचा असतो. पाईपचे तसे नाही. पाईपचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तो तोंडात घ्यायचा, जिभेवर क्षणभर राहू द्यायचा आणि सोडून द्यायचा. दोन झुरक्यांच्या मधे इतका अवकाश असावा की वाटीतला निखारा जेमतेम जिवंत राहील. व्हर्जिनिया तंबाखूत साखरेचे प्रमाण मुळातच जास्त असते, त्यामुळे तो भराभर ओढला तर गरम जळतो आणि गरम, दमट धूर जिभेला चावतो. वाटी गालाला लावून पाहावी. गालाला चटका बसला तर पाईप खाली ठेवावा आणि विझला तर विझू द्यावा. विझलेला पाईप पुन्हा पेटवणे यात कमीपणा काहीच नाही, जुने ओढणारेही एका वाटीला अनेकदा काडी लावतात.

भरण्याची रीत तीन थरांची आहे. पहिला थर वाटीत नुसता सोडायचा, दुसरा हलक्या बोटाने दाबायचा आणि तिसरा थोडा अधिक जोराने. न पेटवता एक झुरका घेऊन पाहावा. हवा अगदी मोकळी आली तर भरण सैल आहे आणि गाल आत ओढले गेले तर घट्ट आहे. काडी पेटवल्यावर तिच्या टोकाचे रसायन जळून जाऊ द्यावे, मग ज्योत तंबाखूच्या साऱ्या पृष्ठभागावरून गोल फिरवावी. या पहिल्या पेटवणीने तंबाखू फुगून वर येतो. तो हलकेच दाबून दुसरी काडी लावावी, खरे ओढणे तिथून सुरू होते. नव्या पाईपची वाटी सुरुवातीला अर्धीच भरावी, म्हणजे तळापासून आतल्या बाजूला कोळशाचा पातळ लेप बसत जातो आणि लाकूड जळण्यापासून वाचते. लेप साधारण एक ते दीड मिलिमीटरचा पुरे. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो प्रसरण पावून वाटीला तडा देऊ शकतो, म्हणून अधूनमधून खरवडावा.

आता कोरडेपणाचे. तंबाखूवर पाणी शिंपडू नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तंबाखू भरा, फुटक्या माठाच्या खापराचा एक स्वच्छ तुकडा पाण्यात बुडवून, वरचे पाणी पुसून, तो छोट्या वाटीत बरणीत ठेवा आणि रात्रभर झाकण लावा. सकाळी चिमूटभर तंबाखू दाबून पाहा. तो गोळा होऊन तसाच राहिला तर जास्त ओला, भुगा झाला तर अजून कोरडा, आणि दाबल्यावर सावकाश उलगडला तर योग्य. तसा झाला की खापर काढून टाका, नाही तर बुरशी धरेल. पावसाळ्यात तर हा प्रयोग करूच नका. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला असल्यामुळे खापर बोअरच्या पाण्यात बुडवू नका. क्षार त्यात साचत जातात. आरओच्या कॅनचे पाणी वापरा, किंवा बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी मिळाले तर उत्तमच.

आणखी एक सांगतो, कारण ते आपल्याच भागात घडते. दुपारी कूलरसमोर बसून पाईप ओढू नका. त्या झोताने निखारा फुलतो, वाटी एका बाजूने जळते आणि वारा ओढणाऱ्याच्या वाट्याचे काम करून टाकतो.

उत्तर : संत्रा बागायतदार, वरुड

वनपालसाहेबांनी तंत्र सांगितले, मी सुखाबद्दल सांगतो.

माझ्या मते पाईपचे अर्धे सुख तो न पेटवता मिळते. झाडांना पाणी देऊन झाल्यावर, जेवणानंतर अंगणात बाज टाकली की मी पाईप उलगडतो, नळीतून तार असलेला कापसाचा साफकरणा फिरवतो, तंबाखू हाताने मोकळा करतो, आणि एवढे करीपर्यंत दिवसभरातला मजुरांचा आणि मंडीतल्या भावाचा विचार बराच मागे पडलेला असतो. सिगारेट दोन कामांच्या मधे ओढता येते. पाईपला मात्र दुसरे काही काम नसावे लागते, आणि पाऊण तास दुसरे काही न करण्याची सबब आपल्या घरात दुसऱ्या कोणत्या वस्तूने मिळणार? (माझ्या सौभाग्यवतींचे मत वेगळे आहे, त्या या प्रकाराला निव्वळ आळस म्हणतात.)

दुसरे सुख तंबाखूच्या जातींचे. व्हर्जिनिया गोडसर असतो आणि नीट बंद डब्यात वर्षानुवर्षे मुरला की अधिक मऊ होतो. बर्ली हवेत सुकवलेला, साखर कमी असलेला आणि त्यामुळे जिभेला सौम्य. तुमची जीभ चावत असेल तर तो वापरून पाहावा, मात्र त्यात निकोटिन पुरेसे असते, म्हणून उपाशीपोटी ओढू नये. लाटाकिया हा सीरियातल्या बंदराच्या नावाने ओळखला जातो, पण आता प्रामुख्याने सायप्रसमधून येतो. त्याची पाने लाकडाच्या धुरात धुरवलेली असतात, आणि डबा उघडला की हुरडा भाजून झाल्यावर आगटीतून येतो तसा वास येतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील सेंट जेम्स परगण्यात होणारा पेरीक पिंपात दाबून आंबवतात. तो मिश्रणात चिमूटभरच घालतात.

तुमचा पाईप ज्या लाकडाचा आहे ते भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीचे असते. ती गाठ तासन्‌तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सुकवतात, तेव्हा ते लाकूड निखारा सोसू शकते. एकाच पाईपला रोज राबवू नका, एक दिवस तरी विश्रांती द्या, म्हणजे लाकडात शिरलेला ओलावा निघून जातो. आणि गरम असताना नळी वाटीपासून कधीही ओढून काढू नका. आतला खुंटा तुटतो.

उत्तर : ग्रामीण भागातील दंतवैद्य, यवतमाळ जिल्हा

चर्चेत विरजण घालण्याचा हेतू नाही, पण एक बाजू राहून गेली आहे. धूर छातीत घेत नाही म्हणून पाईप निर्धोक, हा समज खरा नाही. पाईपचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो आणि त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शोषले जाते. व्यसन लागायला छातीत दम घेण्याची गरज पडत नाही. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाईप ओढणाऱ्यांत निश्चितपणे वाढतो, आणि फुप्फुसेही पूर्णपणे सुटत नाहीत. दीर्घकाळ पाईप ओढणाऱ्यांची टाळू उष्णतेने पांढुरकी होऊन तिच्यावर लाल ठिपके दिसू लागतात, हे माझ्या व्यवसायातले ओळखीचे चित्र आहे.

आपल्या भागात खर्रा हा वेगळा प्रश्न आहे. सुपारीमुळे तोंड उघडणे कमी होत जाते, आणि अशा तोंडात पाईपचा धूर म्हणजे दुखण्यावर दुखणे. गुरुजी, आपण खर्रा खात असाल तर या छंदाची सुरुवातच करू नये असे मी म्हणेन. दोन आठवड्यांहून अधिक काळ बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर तत्काळ तपासून घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. डॉक्टर, मी खर्रा कधीच खाल्लेला नाही, आणि पाईपही आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी यापलीकडे न्यायचा नाही असे ठरवले आहे. खापराचा उपाय लागू पडला. तंबाखू आता दाबला तर सावकाश उलगडतो आणि जीभही भाजत नाही. दोन शंका उरल्या. डबा संपल्यावर दुकानातला बिडीचा तंबाखू पाईपमध्ये भरता येईल काय? आणि मक्याच्या बुरकुंडाचे (दाणे काढलेल्या कणसाचे) पाईप असतात असे वाचले. आमच्या शेतातल्या मक्याचा करून पाहावा काय?

उत्तर : जुना वनपाल, धारणी

बिडीचा तंबाखू भरू नका. निपाणीकडून येणारा तो तंबाखू उन्हात सुकवून बारीक कुटलेला, जहाल असतो. पाईपमध्ये त्याचे कण नळीत ओढले जातात, भोक बुजते आणि निकोटिनाने घेरी येते. तो तेंदूच्या पानातच शोभतो.

बुरकुंडाचे पाईप खरोखर असतात आणि नवशिक्यांना मी तेच सुचवतो, कारण ते स्वस्त असतात आणि लेप बसण्याची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी 1869 पासून ते होत आले आहेत. अमेरिकी सेनापती डग्लस मॅकआर्थर यांच्या छायाचित्रांत दिसणारा उंच वाटीचा पाईप बुरकुंडाचाच. मात्र त्यासाठी तिथे जाड बुरकुंडाच्या खास वाणाचा मका पेरतात, कणसे बराच काळ सुकवतात आणि बाहेरून प्लॅस्टर लावून पृष्ठभाग भरून काढतात. आपल्या संकरित मक्याचे बुरकुंड बारीक आणि आतून पोचट असते, ते लवकर जळून आरपार होईल. करून पाहायचा असेल तर शोभेपुरता करा, पण कुटाराच्या ढिगाजवळ किंवा कापसाच्या गंजीपाशी पेटवू नका. पाईपची राख वरून विझलेली दिसली तरी आतला निखारा बराच वेळ जिवंत असतो, म्हणून ती नेहमी पाण्याच्या भांड्यातच झाडावी.

उत्तर : संत्रा बागायतदार, वरुड

एक राहिले. आपल्या पाईपची नळी काळ्या एबोनाइटची (कडक रबराची) असेल तर तो खिडकीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात ती हिरवट-पिवळी पडते आणि तोंडाला कडवट लागते. कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवावा. आणि दर्यापूरला जाताना खिशात असला तरी एसटी स्थानकावर काढू नका. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 200 रुपयांपर्यंत दंड आहे, तो पाईपलाही लागू होतो.