अनुभव धागा: आमच्या घरचं मशीन शॉप

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आपण पुस्तकांत वाचलंय. पण कोल्हापूरचं उद्यमनगर, भोसरी, बेळगावचं उद्यमबाग इथल्या दोन-चार लेथच्या (लेथ म्हणजे धातूचा जॉब फिरवून टूलने कापायचं मशीन) शॉपचा इतिहास घरातल्या माणसांनी सांगितला नाही तर कुठेच उरणार नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन पिढ्या शॉप आहे किंवा होतं, त्यांनी लिहा. उलाढाल नको, मशीन कुठली होती, काम काय यायचं, हात कुणी शिकवला ते सांगा.

उद्यमनगर, कोल्हापूर
आजोबांचा लेथ इंची. आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा. गिऱ्हाइकं सगळी शेतकरी आणि गुऱ्हाळवाले: पंपाचे शाफ्ट, चरकाच्या लाटा, इंजिनाचे लायनर. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि हळूहळू ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये यायला लागली. नवा लेथ घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आजोबांनी 127 दातांचा गिअर आणला. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127. तो एक गिअर चढवला की इंची लेथवर मिलिमीटरचे आटे बिनचूक पडतात. अट एकच: आटे पुरे होईपर्यंत हाफ नट, म्हणजे टूलला लीड स्क्रूशी जोडणारी पकड, सोडायचा नाही. टूल बाहेर घ्यायचं, मशीन उलटी फिरवून मागं आणायचं, मग पुढचा कट. मधेच हाफ नट सोडला की आटा चुकला आणि जॉब भंगारात. वडील हे शिकले ते आजोबांच्या शेजारी उभं राहून, मी वडिलांच्या. खंडेनवमीला आम्ही लेथबरोबर त्या गिअरलाही हळद-कुंकू वाहतो.

सांगली
वर 127 चा गिअर वाचून फार बरं वाटलं! आमच्याकडे तो नव्हता, काका 63 दातांच्यावर भागवायचे. फरक पडायचा मीटरला मिलिमीटरचा आठवा भाग. बोटभर बोल्टात तो कुठे दिसणार?

भोसरी
बाबांनंतर शॉप मी चालवते. आता दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आहेत. टूल घासून धार लावायचं काम इन्सर्ट (टूलला बसवायचे, बदलता येणारे तयार धारेचे तुकडे) आल्यापासून जवळजवळ संपलं. बाबांचा लेथ मात्र ठेवलाय. एकच पीस हवा असला तर सीएनसीवर सेटिंग होईपर्यंत तो लेथवर तयार होतो. कामाचा त्रास कधी वाटला नाही, त्रास पेमेंटचा. लहान उद्योगांचे पैसे चुकते करायला 2006 च्या कायद्यात जास्तीत जास्त 45 दिवस लिहिलेत; एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे यायला चार महिने लागायचे, आणि कामगारांचा पगार तर सात तारखेलाच करावा लागतो. आईने दोनदा पाटल्या गहाण ठेवल्या. शॉपच्या इतिहासात तिचं नाव पहिलं यायला हवं.

उद्यमबाग, बेळगाव
आमचं काम बेअरिंगचं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या भागाचं. व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळवून ओतायचा, आतून मापात बोअर करायचं, मग शाफ्टला निळा रंग लावून बेअरिंगमध्ये फिरवायचा. जिथे निळं उमटलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा फिरवायचा. निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत हेच. अण्णा अंधारात नुसतं बोट फिरवून सांगायचे कुठे जास्त आहे. धाकट्या भावाच्या हातात ते उतरलंय. कुणाकडे जुनं इंजिन पडून असेल तर जरूर घेऊन या, तो करून देईल.