मिरीच्या तेलात मिरी किती?

रसायनवाल्या बाई (धागाकर्ती)

परवा गंगापूर रोडला एका प्रदर्शनात दहा मिलीची बाटली हातात आली. 'शुद्ध काळी मिरी इसेन्शियल ऑइल'. सोबतच्या कागदावर लिहिलेलं: हळदीच्या दुधात दोन थेंब टाका, हळद वीसपट अंगी लागते. स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, यात पायपरीन, म्हणजे मिरीला तिखट करणारं द्रव्य, आहे का रे? म्हणाला, "मॅडम, मिरीचंच तेल आहे, असणारच ना!"

नसतं. कॉलेजात दरवर्षी आम्ही हा प्रयोग घ्यायचो. पन्नास ग्रॅम मिरी जाडसर कुटून पाण्यासोबत गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घालायची, वर क्लेव्हेंजरची काचेची नळी लावायची आणि तीन तास उकळत ठेवायचं. नळीत पाण्यावर जेमतेम एक-सव्वा मिली तेल तरंगतं, फिकट, किंचित हिरवट. मग काडीच्या टोकाला लागेल एवढंच मुलांना जिभेला लावायला सांगायचे (प्रयोगशाळेच्या नियमात बसत नाही, माहीत आहे). मुलं डोळे मिटून चटक्याची वाट बघायची. चटका येतच नसे. वास अस्सल मिरीचा, चव थोडी कडवट, राळेसारखी. तिखटपणा सगळा खाली, फ्लास्कमधल्या काळ्या गाळात.

कारण साधं आहे. वाफेबरोबर येतात ते टर्पीन, म्हणजे उडून जाणारी, वास देणारी द्रव्यं: कॅरियोफिलीन, लिमोनीन, सॅबिनीन, पायनीन, केरीन. पायपरीन वाफेवर स्वार होत नाही. ते स्फटिकरूप अल्कलॉइड, सुमारे १३० अंशांना वितळणारं. १८१९ मध्ये ते मिरीतून वेगळं काढलं डेन्मार्कच्या अर्स्टेड या शास्त्रज्ञाने. हो, पुढच्याच वर्षी विजेच्या तारेजवळ चुंबकसूची हलते हे ज्याने दाखवलं, तोच.

हळदीचा दाखला खरा आहे. १९९८ च्या एका भारतीय अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतलं मुख्य द्रव्य) वीस मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर रक्तात पोचणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. पण ते पायपरीनने केलं, आणि बाटलीत तेच नाही. माझं म्हणणं एवढंच: वास म्हणून विका, औषध म्हणून विकू नका.

भट्टीवाला

बाई, रसायन मान्य, पण 'वास म्हणून विका' हे ज्या सुरात म्हणालात तो सूर खटकला. सिन्नरच्या बाजूला माझी लहान डिस्टिलेशनची भट्टी आहे. शंभर किलो मिरीतून दोन-तीन किलो तेल हाती लागतं, आणि ते अत्तरवाले, सॉसवाले, मसालेवाले घेतात. तो धंदा आहे, फसवणूक नाही. ज्याला वास आणि तिखट दोन्ही हवं त्याच्यासाठी ओलिओरेझिन असतं, द्रावकाने काढलेलं, दाट, हिरवं-काळं. माझं तेल ते नव्हे, हे गिऱ्हाइकाला मी आधी सांगतो.

आणि कॅरियोफिलीन म्हणजे नुसता वास नाही. शरीरातल्या पेशींवरच्या सीबी-२ नावाच्या रिसेप्टरला ते जाऊन चिकटतं, सूज कमी करतं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालंय.

रसायनवाल्या बाई

चिकटतं हे बरोबर. सूज कमी झाली ती उंदरांची. उंदरांनी तुमची बाटली विकत घेतली तर माझी हरकत नाही.

पंचवटीचा वैद्य

दोघेही 'तेल' म्हणता आणि डोळ्यांसमोर फक्त अर्क ठेवता. आमच्याकडे तेल म्हणजे तेलात औषध शिजवणं. मरिच्यादी तैलात मिरी मोहरीच्या तेलात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजते. पायपरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात काही प्रमाणात उतरतं, म्हणून ते तेल त्वचेला झोंबतं. तेव्हा 'मिरीच्या तेलात तिखटपणा नसतो' हे विधान अर्धंच. वाफेने काढलेल्या तेलात नसतो, असं लिहा. त्रिकटूत सुंठ, मिरी, पिंपळी एकत्र येतात तेव्हाही पूर्ण चूर्ण वापरतात, अर्क नाही.

रसायनवाल्या बाई

हे मान्य, आणि वरचं वाक्य ढिसाळ झालं हेही मान्य. पण वैद्यबुवा, याला दुसरी बाजूही आहे. यकृतात औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) पायपरीन अडवतं. हळद जास्त टिकते ती त्यामुळेच, आणि रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफायलीन यांसारखी औषधंही रक्तात वाढतात ती त्यामुळेच. रुग्णाच्या बाकीच्या गोळ्या विचारल्याशिवाय पायपरीनच्या कॅप्सूल देणारे मी पाहिलेत. भाजीवरची चिमूटभर मिरपूड वेगळी.

निफाडचा बागायतदार

शास्त्र राहू द्या, माझं ऐका. मागच्या हंगामात पिठ्या ढेकूण या किडीने माझी द्राक्षबाग पछाडली होती. निर्यातीचा माल, रेसिड्यूची (मालावर उरणाऱ्या औषधाच्या अंशाची) धास्ती, म्हणून एका ओळखीच्याने सुचवलं की मिरीचं तेल मार, सेंद्रिय आहे. दोन ओळींवर मारलं. ढेकूण मेला, हे खोटं बोलणार नाही. पण चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आणि मण्यांवरची पांढरी मेणासारखी झळाळी गेली. मणी चकचकीत, जणू कोणी फडक्याने पुसले. व्यापाऱ्याने घड हातात घेतला आणि न बोलता खाली ठेवला. मग मिरीचं तेल वाईट की मी?

भट्टीवाला

दादा, त्याआधी भुरी रोगासाठी गंधक मारलं होतं का?

निफाडचा बागायतदार

हो, चार दिवस आधी.

भट्टीवाला

मग दोष मिरीचा नाही. गंधकाच्या आगेमागे दोन आठवडे द्राक्षावर कुठलंच तेल मारत नाहीत, निंबोळीचंही नाही. पान जळतंच.

रसायनवाल्या बाई

आणि ढेकूण मिरीनेच मेला कशावरून? त्याच्या अंगावर मेण असतं. तेल आणि साबण दोन्ही ते मेण उतरवतात, किडीचा श्वास कोंडतात. शेजारच्या ओळीवर नुसतं साबणपाणी मारून बघितलं होतं का? तेवढी एक ओळ असती तर तुमच्या दोन ओळींना अर्थ आला असता.

गंमत अशी की या कुळाचं कीटकनाशकांशी खरंच नातं आहे. ब्राझीलमध्ये मिरीचीच एक चुलत बहीण आहे, तिच्या तेलात ८० टक्क्यांच्या वर सॅफ्रोल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. सॅफ्रोलपासून पायपरोनिल ब्युटॉक्साइड बनतं. डासांच्या फवाऱ्यात ते घालतात. स्वतः ते फारसं मारत नाही, कीटकाची विष पचवायची विकरं बंद पाडतं, म्हणून दुसरं औषध लागू पडतं. पायपरीन तुमच्या-माझ्या यकृतात करतं ते हेच. रेणूचा एक तुकडाही दोघांत सारखा आहे. आणि सॅफ्रोल अमेरिकेत खाद्यपदार्थांत घालायला १९६० पासून बंदी आहे. आपल्या नागवेलीच्या काही जातींच्या तेलातही ते सापडतं. 'मिरीच्या कुळातलं, म्हणजे निर्धोक' म्हणणाऱ्याला हे सांगा.

सेलरमधला

मी दिंडोरीकडे वाइनरीत काम करतो. शिराझ ही लाल वाइन चाखताना मिरीचा वास येतो म्हणतात, तो थापा मारणं नव्हे. त्या रेणूचं नाव रोटंडोन. द्राक्षाच्या सालीतही असतो, मिरीत तर कितीतरी पट. लिटरभर वाइनमध्ये ग्रॅमचे सोळा अब्जांश असला तरी नाकाला कळतो. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये हे उलगडलं. आणि दर पाच माणसांत एकाला तो येतच नाही, पाण्यात भरपूर घातला तरी. आमच्याकडचा एक जुना कामगार आहे तसा. सगळे 'मिरी, मिरी' करतात आणि तो म्हणतो, मला तर नुसतं जांभूळ लागतंय.

रोटंडोन हे नाव आलं नागरमोथ्याच्या शास्त्रीय नावावरून. १९६७ मध्ये सुख देव यांच्या गटाने तो नागरमोथ्याच्या तेलात शोधला होता. निफाडकर, तुम्ही बागेतून उपटून बांधावर फेकता ना, तोच.

निफाडचा बागायतदार

म्हणजे उपटून फेकतो त्यात वास, आणि विकत आणतो त्याने पान जळतं. बरं आहे.

सिडकोची सिस्टर

बाई, 'वास म्हणून' हे मलाही खटकलं. अर्धांगवायूनंतर वृद्धांना घास गिळता येत नाही, ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जातं. जपानमध्ये २००६ मध्ये नर्सिंग होममधल्या १०५ जणांवर चाचणी झाली. जेवणाआधी एक मिनिट मिरीच्या तेलाचा नुसता वास, महिनाभर. गिळण्याची क्रिया लवकर सुरू व्हायला लागली. लव्हेंडर आणि साध्या पाण्याच्या गटात तसं झालं नाही. पोटात एक थेंबही नाही, पायपरीनही नाही.

रसायनवाल्या बाई

सिस्टर, ही चाचणी वाचली होती आणि लिहिताना सोयीस्करपणे विसरले. इथे वास हेच औषध, म्हणजे माझं वाक्य पुन्हा लंगडं. एका चाचणीवर बाटल्यांचा गाडा लागू नये, एवढं मात्र म्हणेन. आणि त्या स्टॉलवरच्या बाटल्या पारदर्शक काचेच्या, दुपारभर उन्हात होत्या. लिमोनीन हवेने-उजेडाने बिघडलं की त्वचेला पुरळ आणतं. गडद बाटली, घट्ट बूच, सावली, हे तरी पाळा.

निफाडचा बागायतदार

भट्टीवाले, एक विचारू? तेल काढून झाल्यावर ती मिरी कुठं जाते?

भट्टीवाला

खतात. पण खरं सांगायचं तर दर महिन्याला कोणी ना कोणी व्यापारी येऊन विचारतोच. वाळवून दळली की दिसते मिरपूडच, आणि बाई म्हणतात तसा चटका त्यात शाबूत. फक्त वास नाही. मी देत नाही, पण देणारे असणारच. घरी मिरपूड तिखट लागते आणि नाकाला काहीच कळत नाही, असं झालंय का कुणाला?

सिडकोची सिस्टर

आत्ता डबा उघडून बघितला. झालंय.