मदत हवी आहे: कारचालक फोनवर होता, एफआयआरमध्ये त्याचा उल्लेखच नाही

मामेभावाच्या दुचाकीला कारने मागून ठोकलं. नडगी मोडली, रॉड घातलाय. चालकाच्या हातात फोन होता हे टपरीवाल्याने पाहिलंय, पण एफआयआर झाली तेव्हा भाऊ ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यात नुसतं ‘हयगयीने व भरधाव’, कलमं बीएनएसची (भारतीय न्याय संहिता) 281 आणि 125. मोटार वाहन कायद्याचं 184 (गाडी चालवताना हातात फोन त्यातच येतो) लावलेलंच नाही.

पुरवणी जबाब दिलाय. टपरीवाल्याचा जबाब घ्या असा लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पंपावरचं फुटेज मागेपर्यंत पुसलं गेलं होतं. कारचा विमा आणि लायसन्स दोन्ही चालू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 चे (चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई) अडीच लाख नकोत, खर्चच त्यापुढे गेलाय. दावा त्याच कायद्याच्या 166 खालीच (चालकाची चूक दाखवून पूर्ण भरपाई), सहा महिन्यांच्या आत करणार.

तपास अधिकारी चालकाचा सीडीआर (मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद) मागवायला तयार नाहीत. मग बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 94 खाली, म्हणजे कागदपत्रं हजर करायला लावण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, की दावा दाखल करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडूनच मोबाइल कंपनीला समन्स काढावं? शिवाय सीडीआरमध्ये फक्त कॉल आणि एसएमएस दिसतात. गडी व्हॉट्सअ‍ॅप चाळत असेल तर इंटरनेट वापराची नोंद, म्हणजे आयपीडीआर, अशा दाव्यात कोणी मिळवलाय का?