११.५ वरून १४ लाख: हातात खरंच किती वाढतं?

सिंहगडरोडकर
पुण्यातल्याच एका कंपनीची १४ लाख सीटीसीची (कंपनी माझ्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) ऑफर आलीय. सध्या ११.५ आहे. फोड अशी:
सध्या: बेसिक महिना ४०,०००, कंपनीचा पीएफ पूर्ण बेसिकच्या १२ टक्के, ग्रॅच्युइटी (पाच वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळते ती रक्कम) २३,०८८, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार) नाही. मेडिक्लेम ५ लाखांचा, आईवडिलांसकट, सीटीसीबाहेर.
नवीन: बेसिक वर्षाला ५,६०,०००, व्हेरिएबल १,४०,०००, जॉइनिंग बोनस १,००,०००, पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी २६,९३६, मेडिक्लेमचा हप्ता १८,०००, उरलेले भत्ते. सगळं १४ लाखांतच.
इथे ४ वर्षं ७ महिने झालेत, नोटीस ९० दिवसांची. वडिलांना मधुमेह आहे. होकार देण्याआधी काय काय तपासू?

ताळेबंद
आधी व्हेरिएबल आणि बोनस बाजूला काढा, मग बोलू.
सध्या: ११,५०,००० मधून कंपनीचा पीएफ ५७,६०० आणि ग्रॅच्युइटी वजा केली की १०,६९,३१२. त्यातून तुमचा पीएफ ५७,६०० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की महिन्याला साधारण ८४,१००.
नवीन: व्हेरिएबल, बोनस आणि मेडिक्लेमचा हप्ता काढून तशीच वजाबाकी केली, तुमचाही पीएफ २१,६०० धरला, तर महिन्याला ८९,१००.
म्हणजे हातात ५,००० वाढले, पण दोन्ही बाजू मिळून पीएफची बचत वर्षाला १,१५,२०० वरून ४३,२०० वर आली, महिन्याला ६,००० कमी. खात्रीचा पैसा उलट घटतोय! १४ चा आकडा व्हेरिएबल आणि बोनसवर उभा आहे.
एचआरला मेलवर विचारा, फोनवर नको: गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं? देण्याच्या तारखेला हजेरीपटावर असणं सक्तीचं आहे का? बोनसचा लाख दुसऱ्या वर्षी फिक्स्डमध्ये येणार की गळणार? मुदतीआधी सोडलं तर वसुली पूर्ण रकमेची की कर कापून मिळालेल्या रकमेची?
पीएफ पूर्ण बेसिकवर मागून पाहा. पण तो १४ लाखांतूनच दिला तर हातातला पगार घटेल. सीटीसी वाढवून मागा.

रूमरेंट
विम्याची रक्कम शेवटी बघा, आधी पॉलिसीची अटींची प्रत मागा. आईवडील आहेत का, त्यांना को-पे (बिलातला आपण भरायचा ठरावीक हिस्सा) किती, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, आणि रूम रेंटची मर्यादा.
५ लाखांच्या पॉलिसीत १ टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ५,००० ची खोली. तुम्ही ८,००० ची घेतली, तर नुसते वरचे ३,००० भरून सुटका नाही. डॉक्टर, शस्त्रक्रिया वगैरे खर्चही ५/८ प्रमाणातच मंजूर होतो (औषधं, इम्प्लांट, तपासण्या वगळून). तशा २ लाखांच्या खर्चातले ७५,००० खिशातून. त्यावर पालकांचा २० टक्के को-पे असेल तर आणखी २५,०००.
आईवडिलांची नावं घालायची मुदत बहुधा रुजू झाल्यावर थोडेच दिवस असते, ती चुकवू नका. जुनं कव्हर शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं, म्हणून दोन नोकऱ्यांत सुट्टी घ्यायची असेल तर मधल्या दिवसांची सोय करा. जुन्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, तेही बाहेर पडण्याआधी विचारा, नंतर नाही.

१५/२६
ग्रॅच्युइटीकडे कुणी पाहिलं नाही. ४०,००० × १५/२६ × ५ = १,१५,३८५ रुपये. आज राजीनामा दिला तरी मोजतात शेवटचा कामाचा दिवस, म्हणजे तुमचे ४ वर्षं १० महिने होतील. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण काही कंपन्या ५ वर्षांवर अडून बसतात. तुमच्या कंपनीचं धोरण लेखी घ्या. नसेल मानत, तर रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे मागा. नोटीस बायआउट केलंत (पैसे भरून नोटीस न देता लवकर निघालात) तर हे गणित पार बिघडेल.

सिंहगडरोडकर
धन्यवाद! नव्या ऑफरवर टॅक्सचं काय?

ताळेबंद
सगळं व्हेरिएबल मिळालं तर ढोबळ पगार १३,३३,४६४. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाता १२,५८,४६४, म्हणजे कर शून्य राहतो त्या १२ लाखांच्या जरासं वर. सीमांत सवलत (१२ लाखांवरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ न देणारी) धरूनही सेससकट ६०,८०० च्या आसपास कर.
यावर तोड: कंपनीकडून एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). बेसिकच्या १४ टक्के, म्हणजे ७८,४००, भत्त्यातून तिकडे वळवले की करपात्र ११,८०,०६४ आणि कर शून्य. ठेवींचं व्याज २०,००० च्या आत हवं, नाहीतर पुन्हा वर जाल. शिवाय तो पैसा बरीच वर्षं अडकतो आणि हातात महिन्याला ६,५०० कमी येतात. ही सोय कंपनीत आहे का, ऑफर लेटरवर सही करण्याआधीच विचारा.